कानाची नवी भिकबाळी

निसर्गानें डोळ्यांस पापण्या दिल्या, तोंडास ओठ दिले. परंतु कानांस मात्र दार दिलें नाहीं. पाहावयाचें नसेल तें डोळे मिटून टाळतां येतें, बोलावयाचें नसेल तें ओठ आवळून टाळतां येतें. पण ऐकावयाचें नाहीं असें ठरवून कोणास कान मिटतां येत नाहींत. मनुष्य निजला तरी त्याचे कान पहारा करीतच असतात. पाळण्यांतील मूल कण्हलें कीं शेजारीं निजलेली आई जागी होते. कडी वाजली, भांडें पडलें, कीं घरधनी उठून बसतो. हें सदा उघडें राहणें म्हणजे कानाचें वैगुण्य नव्हे. तेंच त्याचें काम आहे.

अलीकडे या बिनदाराच्या घरास दार बसविण्याची कला निघाली आहे. सातारच्या पोवई नाक्यावर सायंकाळीं पांच मिनिटें उभें राहावें, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्या तरुण मंडळींपैकीं कितीएकांच्या कानांत कांहींना कांहीं खोंवलेलें दृष्टीस पडतें. कोणी गाणें ऐकत असतो, कोणी क्रिकेटचें वर्णन, कोणी परीक्षेचें व्याख्यान. ऐकण्याच्या या हौसेस नांवें ठेवावीं असा आमचा हेतु नाहीं. आम्ही स्वतः त्या हौसेंत सामील आहों. परंतु गेल्या पालकसभेच्या दिवशीं सभा सुटल्यावर एका शेतकरी पालकांनीं आम्हांस व्हरांड्यांत गांठलें व विचारलें, “सर, पोरगं हेडफोन मागतंय. दोन-अडीच हजारांचा म्हणतंय. एवढं पैसं घालायचं का त्यात?” त्यांस आम्हीं तेव्हां थोडक्यांत उत्तर दिलें. तेंच उत्तर येथें सविस्तर लिहावें असें मनांत आहे. कारण हाच प्रश्न अनेक घरांत निघत असेल, आणि त्याचा उलगडा आम्हांस पुस्तकांतून नव्हे, तर घरच्या एका अडचणींतून झाला.

आमची आई सांगलीस थोरल्या बंधूंकडे असते. दोन वर्षांपूर्वीं तिला अर्धांगाचा झटका आला. समज सर्व शाबूत राहिली. परंतु उजवा हात अधू झाला व वाचा गेली ती पुरती परत आली नाहीं. आतां कांहीं हवें असलें म्हणजे ती डाव्या हातानें उशाशीं ठेवलेल्या स्टीलच्या फुलपात्रावर चमच्यानें दोन टोले देते. तो तिचा आवाज. आठवडाभर दादा व वहिनी तिची उठबस करितात. म्हणून शनिवारीं शाळा सुटली कीं आम्ही साताऱ्याहून एस. टी. नें निघतों, आणि शनिवारची रात्र आमची असते. आईस पहिली झोंप बहुधा दोन प्रहर रात्रीं लागते. तोंवर व त्यानंतरही आम्ही बाहेरच्या खोलींत बसून काम करितों. हल्लीं विद्यार्थी पाठांतराच्या कविता दूरध्वनियंत्रावर म्हणजे मोबाइलवर म्हणून पाठवितात. चाळीस मुलांच्या चाळीस कविता ऐकून त्यांच्या उच्चारांच्या चुका टिपावयाच्या असतात. काम संपलें कीं थोडें गाणें. हें सारें मोठ्यानें लावलें तर घर जागें होईल. आणि कान बंद करून ऐकलें तर फुलपात्र वाजलेलें कळणार नाहीं. जें ऐकावयाचें तें ऐकूं यावें, परंतु जें कोणत्याही क्षणीं ऐकूं येईल तें चुकूं नये. अशी आमची दुहेरी गरज होती. शिवाय वस्तु स्वस्त हवी, कारण आईच्या औषधांचा खर्च तीन घरांत वांटून घेतलेला आहे.

बाजारांत जे हेडफोन मिळतात त्यांचे ढोबळमानानें तीन प्रकार करितां येतात. पहिला, कानाच्या भोंकांत रबरी टोंपीसह बसणारा. तो बुचासारखा घट्ट बसतो; त्यामुळें बाहेरचा आवाज अडतो व आंतला खालचा स्वर भरदार वाटतो. दुसरा, डोक्यावरून कमान जाऊन दोन्ही कानांवर वाट्यांसारखा झांकणारा. तो आरामशीर असला तरी आमच्याकडील वैशाखांत अर्ध्या तासांत कान घामानें चिंब होतात. तिसरा प्रकार त्या मानानें कमी लोकांस ठाऊक आहे. त्यांत डोक्यावरून कमान नसते. प्रत्येक कानास एकेक चपटी चकती, तिच्यावर पातळ स्पंज, आणि कानाच्या पाळीमागून वळणारा एक आंकडा. चकती कानाच्या भोंकाबाहेर टेकून राहते, आंत शिरत नाहीं. इंग्रजींत त्यास ‘क्लिप-ऑन’ म्हणतात, आम्ही घरीं त्यास ‘आंकड्याचा हेडफोन’ म्हणूं लागलों, आणि वहिनींनीं तो आमच्या कानावर पाहतांच “भावोजी, ही नवी भिकबाळी कुठली?” असें विचारल्यापासून घरांत तेंच नांव रूढ झालें आहे. पेशवाईंतले पुरुष कानाच्या वरच्या भागांत मोत्यांची भिकबाळी घालीत. आमची काळ्या प्लास्टिकची आहे, एवढाच फरक!

या तिहींची परीक्षा आम्हीं शिक्षकी पद्धतीनें घेतली. पुतण्या नववींत आहे. त्याच्याजवळ रबरी टोंपीचा होता, शेजाऱ्यांकडून वाटीचा मागून आणला, व आंकड्याचा एका स्नेह्यानें पाहावयास दिला. रविवारीं दुपारीं पुतण्यास आईच्या खोलींत बसविलें व सांगितलें कीं, मनास येईल तेव्हां फुलपात्र वाजव आणि कागदावर रेघ ओढ. आम्ही बाहेर पाठांतर ऐकत बसलों व ऐकूं आलेल्या टोल्यांच्या रेघा आमच्या कागदावर ओढल्या. प्रत्येक प्रकारास दहा टोले. मुलाचें म्हणणें स्पष्ट कळेल इतकाच आवाज तिन्ही वेळां ठेविला होता. रबरी टोंपीच्या वेळीं आमच्या कागदावर दोन रेघा होत्या, वाटीच्या वेळीं पांच, आणि आंकड्याच्या वेळीं दहाच्या दहा. पुतण्या कागद पाहून म्हणाला, “काका, म्हणजे माझा महागाचा नापास झाला!” आम्हीं त्यास समजाविलें कीं नापास कोणी झाला नाहीं, ज्याचा त्याचा विषय वेगळा. विमानांत वा यंत्राच्या घरघरींत ज्यास बसावयाचें आहे त्यास कान बंद करणाराच बरा. घरांत ज्यास बसावयाचें आहे त्याचें कान उघडे हवेत.

या वस्तूचा इतिहास पाहिला तर हीच गोष्ट दुसऱ्या तऱ्हेनें दिसून येते. अमेरिकेंतील यूटा प्रांतांत नेथनिएल बाल्डविन या गृहस्थानें आपल्या स्वयंपाकघरांत हेडफोन तयार करून १९१० च्या सुमारास अमेरिकन आरमाराकडे धाडले. बिनतारी संदेश ऐकणाऱ्या खलाशाचा तो उपकरण-जोड होता. करमणुकीशीं त्याचा संबंध नव्हता. १९५८ सालीं जॉन कॉस यांनीं मिल्वॉकी शहरीं दोन्ही कानांस वेगवेगळा नाद पोंचविणारा हेडफोन संगीतासाठीं म्हणून काढला. १९६८ सालीं जर्मनीच्या सेनहायझर कंपनीनें एचडी ४१४ या नांवाचा उघड्या पाठीचा व स्पंजाच्या गादीचा हेडफोन विकावयास आणला, आणि कान कोंडल्यावांचूनही उत्तम संगीत ऐकतां येतें हें लोकांच्या प्रत्ययास आलें. पुढें १ जुलै १९७९ रोजीं जपानांत सोनी कंपनीचा वॉकमन निघाला. पूर्वींचे हेडफोन तीनचारशें ग्रॅम वजनाचे असत. वॉकमनसोबतचा अवघा पन्नास ग्रॅमांच्या आसपास होता. १९८४ सालीं कॉस कंपनीनें पोर्टा प्रो नांवाचा हलका हेडफोन काढला. त्याच घराण्यांतील केएससी ७५ हा आंकड्याचा हेडफोन अमेरिकेंत सुमारें वीस डॉलरांस मिळतो, आणि पुष्कळ पटींनीं महाग हेडफोन बाळगणारे शोकीन लोकही त्याची वाखाणणी करितात.

यांतील वॉकमनची एक हकिकत विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. पहिल्या वॉकमनला हेडफोन जोडावयाचीं छिद्रें दोन होतीं, आणि एक नारिंगी रंगाची कळ होती. ती दाबली म्हणजे गाणें हळू होई व यंत्रांतील मायक्रोफोनमधून दोघां ऐकणारांस एकमेकांशीं बोलतां येई. सोनीचे अकिओ मोरिता यांस असें वाटलें कीं, चारचौघांत बसून एकट्यानेंच ऐकणें हें असभ्यपणाचें होईल. म्हणून ही सोय. लोकांनीं मात्र तें यंत्र एकट्यापुरतेंच वापरलें, आणि पुढच्या यंत्रांतून ती नारिंगी कळ नाहींशी झाली. कळ गेली, तरी मोरितांची शंका कांहीं खोटी नव्हती. आमच्या आईच्या लहानपणीं, म्हणजे १९६३ सालीं आकाशवाणीचें सांगली केंद्र सुरू झालें तेव्हां, त्यांच्या वाड्यांत एकच रेडिओ होता. तो लागला कीं आठ बिऱ्हाडें ओसरीवर जमत, आणि गाण्याइतकीच त्यावरील टीकाही चाले, असें ती आम्हांस सांगत असे. ऐकणें ही तेव्हां पंगत होती. आतां तो ज्याचा त्याचा डबा झाला आहे. काळ उलटा फिरविणें कोणाच्या हातीं नाहीं. परंतु डबा उघडून शेजाऱ्यास घांस देतां येईल इतपत जागा ठेवणें आपल्या हातीं आहे.

आतां कोणी म्हणेल कीं स्वस्त आणि उघडा, तर मग त्याचा नाद कसा? याची परीक्षा घ्यावयास सांगलीहून फार दूर जावें लागत नाहीं. शेजारच्या मिरजेस तंबोरे व सतारी करणाऱ्या कारागिरांची गल्ली आहे. तेथील सतार व तंबोरा यांस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालीं दोरा सरकवून जी ‘जवारी’ लावितात, तिच्यामुळें एका तारेंतून अनेक वरचे स्वर झगमगूं लागतात. आमच्या मतें हेडफोनची कसोटी पाहावयास तंबोऱ्यासारखें दुसरें वाद्य नाहीं. काळी एकच्या तंबोऱ्याची खर्जाची तार सेकंदास सुमारें ६९ वेळां कंप पावते. इतका खालचा स्वर उभा करण्यास हवा कोंडलेली असावी लागते. उघड्या चकतींतून ती हवा बाजूनें निसटते, म्हणून आंकड्याच्या हेडफोनांत खर्ज दुबळा येतो. ही त्याची उणीव आहे व ती लपविण्यांत अर्थ नाहीं. परंतु निसर्गाची योजना अशी कीं, मूळ स्वर क्षीण असला तरी त्याचे वरचे स्वर स्पष्ट कानीं आले म्हणजे आपला मेंदु त्यांवरून मूळ स्वराची भरपाई करून घेतो. त्यामुळें खर्ज अगदींच हरवत नाहीं. आणि जवारी तर इतकी मोकळी ऐकूं येते कीं तंबोरा खोलींतच छेडीत आहेत असा भास व्हावा. मनुष्याच्या बोलण्यास तर याहून अधिक कांहीं लागतच नाहीं. ‘श’ आणि ‘ष’, ‘न’ आणि ‘ण’ यांतील भेद आम्हांस आमच्या चाळीस विद्यार्थ्यांच्या तोंडून नीट कळतो, आणि गुण त्यावरच दिले जातात!

निश्चय झाल्यावर आम्ही पुतण्यासह सांगलीच्या मारुती रोडवर खरेदीस गेलों. दुकानदारांनीं प्रथम काचेच्या कपाटांतून चमकदार डब्या काढल्या. एकीवर ‘एक्स्ट्रा बास’, दुसरीवर ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ अशीं अक्षरें. हे आंकडे वाचून पुतण्या प्रभावित झाला. परंतु २० ते २०,००० ही तरुण व निरोगी मनुष्याच्या ऐकण्याची मर्यादा आहे व ती बहुतेक प्रत्येक डबीवर छापलेली असते. तिच्यावरून वस्तु निवडणें म्हणजे सर्व पंचांगांवर रविवार छापलेला आहे म्हणून त्यांतलें एक पसंत करण्यासारखें आहे. आम्हीं आंकड्याचा मागितला तेव्हां दुकानदार म्हणाले, “सर, तो आता कोण घेत नाही. आत एक-दोन पडले असतील, बघतो.” शेवटीं धूळ पुसून जो बाहेर आला त्याची किंमत ४८० रुपये पडली.

घेण्यापूर्वीं आम्हीं ज्या गोष्टी पाहिल्या त्या पालकांच्या उपयोगीं पडतील म्हणून सांगतों. प्रथम आंकडा पाहावा. तो थोडा वांकवितां यावा व वांकविल्या जागीं राहावा. नुसत्या ताठ प्लास्टिकचा असेल तर पहिल्या वर्षांतच मोडतो. चष्मा असणारानें चष्म्यासकट लावून पाहावा, कारण कानामागें दोघांस एकच जागा लागते. आम्हांस चाळिशी लागली आहे, म्हणून दुकानांतच दहा मिनिटें तो लावून हिंडलों. दुकानदार हंसले, पण दहा मिनिटांत न टोंचणारा आंकडा तासभरानेंही सहसा टोंचत नाहीं.

दुसरें, तार पाहावी. स्वस्त हेडफोन मरतो तो बहुधा चकतींत नव्हे, तर खुंटीपाशीं तार ज्या ठिकाणीं शिरते तेथें. तेथें लवचिक रबराची मान असेल तर तो टिकतो. तेथें तुटला तरी निराश होऊं नये; गल्लींतला दुरुस्तीवाला थोड्या पैशांत नवी खुंटी झाळून देतो. तिसरें, खुंटीची जात पाहावी. पूर्वींच्या साडेतीन मिलिमीटरच्या गोल खुंटीस जागा पुष्कळ नव्या मोबाइलांत ठेविलेली नसते. तेथें चपट्या टाइप-सी खुंटीचा घ्यावा, किंवा मध्यें जोडावयाचा तुकडा घ्यावा. चौथें, स्पंजाच्या टोंप्या सुट्या मिळतात कीं नाहीं हें विचारावें. घामानें स्पंज एकदोन वर्षांत भुगा होतो. टोंपी बदलली कीं वस्तु पुन्हां नवी.

पांचवें व महत्त्वाचें, आपल्या परिचयाचें एखादें गाणें किंवा भाषण लावून पाहावें. दुकानदार जें दणदणीत गाणें लावून दाखवितो त्यावर भरंवसा ठेवूं नये. दणदणाटांत सर्वच हेडफोन सारखे उत्तीर्ण होतात. एखाद्या साध्या कीर्तनकाराच्या बोलण्यांत कोण चांगला तें कळतें.

गेल्या कांहीं वर्षांत कानाच्या पाळीस चिमट्यासारखे बसणारे बिनतारी हेडफोनही निघाले आहेत. तेही कान उघडा ठेवितात व दिसण्यांत सुबक आहेत. परंतु त्यांच्या पोटांतील इवलीशी बॅटरी वापरानें दुबळी होत जाते व ती घरीं बदलतां येत नाहीं. शिवाय एक हरवला कीं जोडी मोडली. ज्यांस परवडेल त्यांनीं खुशाल घ्यावे. परंतु विद्यार्थ्याच्या दप्तरांत तार असलेलाच बरा. तो चार्ज करावा लागत नाहीं व तारेमुळें सहजासहजीं हरवतही नाहीं.

वस्तु निवडण्याइतकाच तिचा वापर महत्त्वाचा आहे. आपल्या अंतःकर्णांत जन्मतः सुमारें १६,००० सूक्ष्म केसाळ पेशी असतात. त्या नादाचे कंप मेंदूस कळवितात. अति मोठ्या नादानें त्या मेल्या म्हणजे मनुष्यांत पुन्हां उगवत नाहींत. केस गेले तर टोपी घालतां येते, या गेल्या तर तशी सोय नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा आहे कीं, मोठ्या माणसानें ८० डेसिबलचा आवाज आठवड्यांत ४० तासांपर्यंत ऐकावा. लहान मुलांनीं ४० तास ऐकावयाचें तर ७५ डेसिबलच्या वर जाऊं नये. आतां गणिताच्या विद्यार्थ्यांनीं लक्ष द्यावें. डेसिबल तीननें वाढले कीं नादाची शक्ति दुप्पट होते, म्हणून ऐकण्याचा काल निम्मा करावा लागतो. ८० स ४० तास, तर ८३ स २०, ८६ स १०, आणि ८९ स अवघे ५ तास, तेही संबंध आठवड्यांत! आवाजाची पट्टी दोन बोटें वर सरकविली तर आठवड्याची शिधापत्रिका एका दिवसांत संपते, ती अशी. म्हणून पट्टी मोबाइलच्या कमाल आवाजाच्या शेंकडा ६० च्या खालीं ठेवावी. हातभर अंतरावरील माणूस साध्या आवाजांत बोललेला ऐकूं आला नाहीं तर आवाज फार झाला असें समजावें. उघड्या हेडफोनांत ही परीक्षा आपोआप होत राहते. वहिनींनीं चहास हांक मारली व आम्हीं ओ दिली, म्हणजे आमची त्या दिवसाची तपासणी झाली!

याच कारणास्तव आंकड्याचा हेडफोन कोठें वापरूं नये हेंही सांगितलें पाहिजे. सातारा ते सांगली हा कऱ्हाडवरून जाणारा प्रवास सुमारें सव्वाशें किलोमीटरांचा. गाडीची घरघर, खिडक्यांचा खडखडाट, कंडक्टरची घंटा, या सर्वांवर मात करावयाची तर आवाज चढवीत जावें लागतें. आणि पेठ नाका येईपर्यंत पट्टी कोठें गेली हें आपलें आपणांस कळत नाहीं. म्हणून एस. टी. त आम्ही तो खिशांतून काढीतच नाहीं. खिडकींतून उसाचे फड पाहतों. उघड्या चकतींतून थोडा नाद बाहेरही झिरपतो, म्हणून वाचनालयांत व शांत जागीं तो बेतानें वापरावा. आणि रस्ता ओलांडतांना, सायकलवर, रुळांपाशीं, कोणत्याही प्रकारचा हेडफोन कानावर नसावा. कान उघडा असला तरी मन गाण्यांत गुंतलेलें असतें, आणि मोटारीचा भोंगा मनास ऐकूं यावा लागतो.

गेल्या श्रावणांतील एका शनिवारची गोष्ट सांगण्याजोगी आहे. रात्रीं एकच्या सुमारास फुलपात्र वाजलें. आम्ही आंत गेलों. पाणी नको, कूस बदलावयाची नाहीं, दिवा नको. आईनें डावा हात उचलून आमच्या कानाकडे बोट केलें. त्या वेळीं अब्दुल करीम खांसाहेबांची एक जुनी तबकडी चालू होती. खांसाहेबांचें वास्तव्य मिरजेस होतें व १९३७ सालीं ते वारले; पण तीनसाडेतीन मिनिटांच्या तबकड्यांत त्यांचा आवाज राहिला आहे. आम्हीं एका कानावरची चकती काढून आईच्या कानास अडकविली व खाटेशीं स्टूल घेऊन बसलों. त्या जुन्या तबकड्या एकाच नादमार्गावर मुद्रित झालेल्या असतात. दोन्ही चकत्यांतून तेंच येतें, म्हणून एका कानानें ऐकणाराचें कांहीं हरवत नाहीं. तार हातभर लांब, त्यामुळें आमचीं डोकीं जवळ आलीं. तबकडी संपली तेव्हां आईनें चमच्यानें फुलपात्रावर हलकेच एक टोला दिला. दोन टोले म्हणजे हांक. एका टोल्याचा अर्थ कधीं ठरलेला नव्हता. आम्हीं तीच तबकडी पुन्हां लावली, आणि तो अर्थ बरोबर निघाला. तेव्हांपासून शनिवारीं रात्रीं एक टोला म्हणजे ‘पुन्हां’ असा आमच्या घरचा नियम झाला आहे. रबरी टोंपी कानांत असती तर पहिला टोलाही कळला नसता.

तेव्हां ज्या पालकांनीं आम्हांस व्हरांड्यांत प्रश्न विचारला त्यांस आम्हीं दिलेलें उत्तर असें: मुलास हेडफोन जरूर घेऊन द्यावा, पांचशें रुपयांच्या आंतला, तारेचा, कान उघडा ठेवणारा द्यावा, घेतांना मुलास बरोबर न्यावें व त्याच्याच कानास लावून पाहावा. उरलेल्या दोन हजारांचें काय करावें हें घरोघरच्या गरजेवर आहे. आणि विद्यार्थ्यांस आमचें सांगणें इतकेंच कीं, बाळांनो, जगांत ऐकण्यासारखें पुष्कळ आहे, तें अवश्य ऐका. मिरजेचा तंबोरा ऐका, दूर देशींचें व्याख्यान ऐका, आपल्याच तोंडची कविता मुद्रित करून ऐका. मात्र ऐकतांना घरांतील कोणाची हांक आपल्यापर्यंत पोंचेल एवढी फट ठेवा. त्यास मोठी किंमत पडत नाहीं. आम्हांस ४८० रुपये पडले, आणि त्यांत घासाघीस करून पुतण्यानें एक जोड स्पंज वर मागून घेतला.